गाडीचा सातबारा : पाटीवरील क्रमांकावरून जुन्या वाहनाची ओळख कशी पटवावी

शेतजमीन विकत घेतांना आपला शेतकरी किती सावध असतो, हें आम्हीं महसूल खात्याच्या चाकरींत तीस वर्षें पाहिलें आहे. सातबाऱ्याचा उतारा काढल्यावांचून, फेरफाराच्या नोंदी मागें मागें वाचल्यावांचून, इतर हक्कांच्या रकान्यांत सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे कीं काय हें पाहिल्यावांचून, आणि बांधावर उभें राहून चतुःसीमा ताडून घेतल्यावांचून तो इसाराचा एक रुपयाहि हातचा सोडीत नाहीं. परंतु तोच शहाणा गृहस्थ जुना ट्रॅक्टर घेण्यास निघाला म्हणजे रंग पाहतो, टायरावर लाथ मारून पाहतो, इंजिनाचा आवाज ऐकतो, धुराचा रंग पाहतो, आणि बाजारांत बैल घ्यावा तसा रुमालाखालीं हात घालून व्यवहार उरकतो. बैलाला उतारा नसतो, म्हणून तेथें दांत आणि चाल पाहूनच भागवावें लागतें. गाडीला मात्र उतारा आहे. तो सरकारदरबारीं नोंदलेला आहे, आणि त्याची किल्ली गाडीच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. ती किल्ली कशी फिरवावी, आंत काय काय सांपडतें, आणि सांपडलेलें गाडीशीं कसें ताडून पाहावें, एवढेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

१. पाटीवरील क्रमांक

मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या ३९ व्या कलमाप्रमाणें नोंदणी झाल्यावांचून कोणतेंहि मोटार वाहन सार्वजनिक जागीं चालवितां येत नाहीं. ट्रॅक्टर शेतींत चालतो म्हणून तो या नियमांतून सुटलेला नाहीं. नोंदणी होतांच वाहनास जो क्रमांक मिळतो तोच पाटीवर लिहावयाचा असतो. त्याचे चार भाग पाडतां येतात. पहिलीं दोन अक्षरें राज्याचीं. आपल्या महाराष्ट्राचीं 'एम. एच.' त्यापुढील दोन अंक नोंदणी करणाऱ्या कार्यालयाचे. जसें कोल्हापूर ०९, सांगली १०, सातारा ११, पुणें १२, सोलापूर १३, नाशिक १५, लातूर २४, नांदेड २६, अमरावती २७. मोठ्या जिल्ह्यांत एकाहून अधिक कार्यालयें झाल्यामुळें बारामतीस ४२, अकलूजास ४५ आणि कराडास ५० असे निराळे अंक मिळाले आहेत. तिसरा भाग मालिकेच्या अक्षरांचा, व चौथा चार अंकांपर्यंतचा अनुक्रमांक. मालिकेंत इंग्रजी 'आय' आणि 'ओ' हीं अक्षरें वापरीत नाहींत, कारण तीं एक आणि शून्य यांसारखीं दिसतात. फार जुन्या, म्हणजे नवी पद्धत येण्यापूर्वींच्या गाड्यांवर जिल्ह्याचा अंक नसून नुसतीं तीन अक्षरें व पुढें अंक आढळतात.

पाटीच्या रंगावरूनहि कांहीं कळतें. पांढऱ्या पाटीवर काळीं अक्षरें असलीं तर तें वाहन खाजगी वापराचें. पिवळ्या पाटीवर काळीं असलीं तर भाड्यानें चालणारें. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांत शेतीच्या ट्रॅक्टरास भाडेवाहनांत धरलेलें नाहीं. तेव्हां शेतीचा म्हणून दाखविलेल्या ट्रॅक्टरास पिवळी पाटी दिसली, तर तो पूर्वी कशास जुंपला होता हें विचारून घ्यावें.

हा क्रमांक म्हणजे गट नंबर होय. गट नंबरावरून जमिनीची नोंद सांपडते, पण नुसता गट नंबर माहीत झाल्यानें जमीन काळी कीं मुरमाड, विहिरीची कीं कोरडवाहू, हें समजत नाहीं. तसेंच 'एम. एच. १३' असें वाचून गाडी सोलापुरास नोंदली गेली एवढेंच समजतें. ती आज कोणाची, केव्हांची, किती शक्तीची, हें नोंदीचें दप्तर उघडल्यावर समजतें.

आणखी एक गोष्ट. पाटीवरील अक्षरें इंग्रजी व अंकहि इंग्रजी वळणाचे असावेत असा नियम आहे. आपल्याकडील हौशी तरुण ४१४१ चे 'दादा' आणि २१४ चा 'राम' करून पाटी रंगवितात. त्यांत कौतुक असेल, पण अशी पाटी नियमाबाहेरची आहे. आणि ज्या गाडीचा क्रमांक सरळ वाचतां येत नाहीं, ती विकत घेणारानें तर दुप्पट सावध व्हावें. १ एप्रिल २०१९ पासून तयार झालेल्या नव्या गाड्यांस उच्च सुरक्षा पाटी कारखान्याच्या विक्रेत्याकडूनच बसवून मिळते. ती ॲल्युमिनिअमची असून तिच्या डाव्या बाजूस निळें अशोकचक्र असतें, खालीं लेझरनें कोरलेला निराळा क्रमांक असतो, आणि ती एकदांच बसणाऱ्या खिळ्यानें ठोकलेली असते. खिळा तुटलेला किंवा साध्या स्क्रूनें पाटी आंवळलेली दिसली, तर कारण विचारावें.

२. गाडीच्या अंगावरचा क्रमांक

पाटी उपटून दुसरी लावतां येते. म्हणून कारखान्यांतच गाडीच्या लोखंडांत आणखी दोन क्रमांक ठोकलेले असतात. एक सांगाड्याचा, ज्यास आपण चेसिस नंबर म्हणतों, आणि दुसरा इंजिनाचा. या क्रमांकांबरोबर वाहन तयार झाल्याचा महिनाहि ओळखतां यावा, असा नियम १९९३ च्या दुरुस्तीपासून आहे. पाटीचा क्रमांक सरकार देतें. हे दोन क्रमांक कारखाना देतो. आणि नोंदणीच्या दप्तरांत या तिघांची गांठ मारलेली असते. ही गांठ जुळते कीं नाहीं, हें पाहणें म्हणजेच गाडीची ओळख पटविणें.

मोटारी, जीप, टेंपो व दुचाकी यांचा चेसिस नंबर आतां जगभर एकाच वळणाचा, सतरा अक्षर-अंकांचा असतो. त्यांत 'आय', 'ओ' आणि 'क्यू' हीं अक्षरें कधींच येत नाहींत. तीं दिसलीं तर क्रमांक वाचण्यांत चूक आहे किंवा क्रमांकच खोटा आहे. पहिलीं तीन अक्षरें कारखान्याचीं: महिंद्रच्या जीपगाडीवर 'एम ए १', टाटांच्या गाडीवर 'एम ए टी', मारुतीवर 'एम ए ३', बजाजच्या दुचाकीवर 'एम डी २' असें आढळतें. मधलीं अक्षरें गाडीचा प्रकार, इंजिन वगैरे सांगतात, व तीं ज्याच्या त्याच्या संकेताप्रमाणें असतात. दहावें अक्षर बहुतेक कारखाने वर्षासाठीं ठेवतात. २००१ पासून २००९ पर्यंत १ ते ९ हे अंक. पुढें २०१० ला 'ए', २०११ ला 'बी', याप्रमाणें २०१७ ला 'एच'. मग 'आय' गाळून २०१८ ला 'जे', २०१९ ला 'के', २०२० ला 'एल', २०२१ ला 'एम', २०२२ ला 'एन'. 'ओ' गाळून २०२३ ला 'पी'. 'क्यू' गाळून २०२४ ला 'आर', आणि २०२५ ला 'एस'. शेवटचे अंक अनुक्रमांकाचे.

ट्रॅक्टरांच्या बाबतींत मात्र, विशेषतः जुन्यांच्या, सतरा अक्षरांची अपेक्षा धरूं नये. त्यांवर कारखान्याचा आपला अनुक्रमांक असतो आणि तो ठोकण्याची जागा प्रत्येक कंपनीची निराळी असते. कंपनीच्या पुस्तिकेंत ती जागा चित्रानें दाखविलेली असते. पुस्तिका नसेल तर त्याच कंपनीच्या गाड्या दुरुस्त करणारा मिस्त्री बोट ठेवून दाखवील. बहुधा मातीखालीं व ग्रीसखालीं दडलेला असा तो क्रमांक असतो. दुचाकीचा हँडलच्या मानेवर असतो. इंजिनाचा इंजिनाच्या ठोकळ्यावरच असतो. मडगार्डवर किंवा समोरच्या बाजूस रिव्हेटनें बसविलेली कंपनीची पत्र्याची पट्टी पाहून समाधान मानूं नये. पट्टी पाटीसारखीच काढतां-घालतां येते. लोखंडांतला क्रमांक पाहावा.

तो पाहण्याची जुनी आणि उत्तम रीत अशी : जागा रॉकेलाच्या बोळ्यानें स्वच्छ पुसावी, तीवर पातळ कागद धरावा, आणि पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानें घासावी. अक्षरें कागदावर उठून येतात. परिवहन कार्यालयांतील अर्जांवर असाच पेन्सिलीचा छाप लावण्याची वहिवाट आहे. डोळ्यांस ३ व ८ यांत जो भ्रम होतो तो छापांत होत नाहीं. शिवाय घांसून पुन्हां ठोकलेला क्रमांक असेल, तर अक्षरांची उंची व ओळ वांकडीतिकडी झालेली छापांत लगेच उमटते. क्रमांकाभोंवतीं कानशीचे ओरखडे, वेल्डिंगचा फुगवटा किंवा तेवढ्याच तुकड्यावर ताजा रंग दिसला, तर किंमत कितीहि कमी असो, तेथून उठावें.

३. दप्तर कसें उघडावें

पूर्वीं यासाठीं जिल्ह्याच्या कचेरींत हेलपाटे घालावे लागत. आतां देशांतील वाहनांच्या नोंदी 'वाहन' नांवाच्या दप्तरांत संगणकावर आल्या आहेत. केंद्र सरकारच्या 'परिवहन' या संकेतस्थळावर, किंवा 'एम-परिवहन' हें सरकारी साधन मोबाईलवर घेऊन, आपला मोबाईल क्रमांक नोंदवून आंत जावें, आणि वाहनाची माहिती पाहण्याच्या जागीं पाटीवरील क्रमांक मधें जागा न सोडतां लिहावा. उत्तरांत साधारणतः पुढील गोष्टी येतात : कोणत्या कार्यालयांत नोंद, नोंदणीची तारीख, वाहनाचा वर्ग, कंपनी व मॉडेल, इंधन, नोंदणीची मुदत, विम्याची मुदत, आणि वाहनावर कर्ज असल्यास तशी नोंद.

ज्याला असें वाटतें कीं पाटीचा क्रमांक टाकला म्हणजे पूर्ण चेसिस नंबर आणि मालकाचें नांव-गांव बाहेर येईल, त्यानें एक समजून घ्यावें. मालकाचें नांव तेथें कांहीं अक्षरें झांकून दाखवितात, आणि चेसिस व इंजिन यांचे क्रमांक परक्यास पूर्ण दाखवीत नाहींत. हें योग्यच आहे. पूर्ण क्रमांक कोणासहि मिळूं लागला, तर चोरीच्या गाडीवर दुसऱ्याच्या चांगल्या गाडीचा क्रमांक ठोकणें सोपें होईल. कार्यालयाच्या ऑनलाईन कामांत मालकाकडून चेसिस नंबराचीं शेवटचीं पांच अक्षरें विचारतात, तीहि याच कारणानें. ज्याच्या हातीं गाडी किंवा तिचे कागद, त्यालाच तीं ठाऊक असतात.

तेव्हां पूर्ण क्रमांक दोन मार्गांनीं मिळवावा. एक, विकणाराकडून नोंदणीचें प्रमाणपत्र, म्हणजे आर. सी., समोर मागावें. मोबाईलवरील सरकारी 'एम-परिवहन' किंवा 'डिजिलॉकर' यांत मालकानें दाखविलेलें प्रमाणपत्रहि २०१८ पासून चालतें. कागदाच्या छायाप्रतीवर मात्र भरंवसा ठेवूं नये. दुसरा, शंका असल्यास विकणारास बरोबर घेऊन नोंदणी कार्यालयांत जावें व फी भरून नोंदीचा तपशील मागावा. जो विकणारा या दुसऱ्या गोष्टीस तयार होत नाहीं, त्याचें उत्तर त्यानें न बोलतां दिलें असें समजावें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. क्रमांकावरून सर्व माहिती देतों म्हणून पैसे मागणारीं खाजगी साधनें पुष्कळ निघालीं आहेत. त्यांच्या नादीं लागूं नये. तसेंच 'तुमच्या गाडीवर दंड आहे, ही फाईल उघडा' असे संदेश व्हॉट्सॲपवर येतात व ती फाईल उघडतांच बँकेचें खातें रिकामें होतें. सरकारी साधन मोबाईलच्या अधिकृत भांडारांतूनच घ्यावें. कोणी पाठविलेल्या दुव्यावरून घेऊं नये.

४. नोंद आणि गाडी ताडून पाहणें

प्रमाणपत्रांत वाहनाचा सर्व तपशील असतो : तयार झाल्याचा महिना व वर्ष, सिलिंडरांची संख्या, अश्वशक्ति किंवा इंजिनाचें घनमान, रिकामें वजन, इंधन, रंग, चेसिस व इंजिन क्रमांक. हा एकेक रकाना गाडीसमोर उभें राहून वाचावा.

तयार झाल्याचें वर्ष व नोंदणीचें वर्ष हीं दोन निराळीं असूं शकतात. डिसेंबरांत तयार झालेला ट्रॅक्टर पुढच्या वर्षीं विकला जाऊन नोंदला गेला, तर विकणारा नोंदणीचें वर्ष सांगतो. किंमत मात्र तयार झाल्याच्या वर्षावरून धरावी. नोंदणीची मुदत १५ वर्षांची असते व ती संपल्यावर तपासणी होऊन ५ वर्षांची वाढ मिळते. चौदा वर्षांचा ट्रॅक्टर घेणारानें हा खर्च व खटाटोप किंमतींतून वजा धरावा.

शक्तीविषयीं आपल्यांत फार घोटाळा आहे. बॉनेटवरील आंकडा हा मॉडेलचा असतो, शक्तीचा नव्हे. महिंद्र ५७५ चें इंजिन पंचेचाळीस अश्वशक्तीच्या आसपासचें आहे. शिवाय ते आंकडे चिकटविलेले असतात, आणि चिकटविलेली वस्तु बदलतां येते. म्हणून शक्ति नोंदींतून वाचावी. नोंदींत येते ती इंजिनाची शक्ति. रोटाव्हेटरास फिरविणारी पी. टी. ओ. ची शक्ति तिच्याहून कमी असते, हें विसरून मोठा रोटाव्हेटर जोडूं नये. इंजिन बदललेलें असेल, तर तो बदल कार्यालयाच्या परवानगीनें होऊन नोंदींत चढला पाहिजे; 'इंजिन नवें टाकलें आहे' हें कौतुकानें सांगणाऱ्या विक्रेत्यास त्या नोंदीविषयीं विचारावें. ट्रॉलीची नोंदणी स्वतंत्र असते, हेंहि ध्यानांत ठेवावें. गांवच्या कारखान्यांत लोखंड जोडून केलेली बिननोंदीची ट्रॉली ट्रॅक्टराबरोबर 'फुकट' मिळाली, तर ती अपघाताच्या दिवशीं फार महाग पडते.

आमच्या शेजारच्या गांवच्या एका बागाईतदाराची गोष्ट येथें सांगतों. परजिल्ह्यांतून एक ट्रॅक्टर सव्वाचार लाखांस ठरला. वीस हजार इसार देऊन ते आमच्याकडे आनंदानें पेढे घेऊन आले. आम्हीं पेढा बाजूस ठेवून पाटीचा क्रमांक विचारला. दप्तरांत नोंद निघाली; कंपनी तीच, रंग तोच, कर्ज नाहीं. त्यांना वाटलें, झालें. आम्हीं त्यांच्या हातीं पातळ कागद व पेन्सिल दिली आणि म्हटलें, 'गट नंबर जुळला, आतां बांधावर जा.' दुसऱ्या दिवशीं ते गेले. छाप घेतला, तेव्हां प्रमाणपत्रावरील शेवटचीं पांच अक्षरें व लोखंडांतलीं पांच अक्षरें यांत तीन ठिकाणीं फरक. विकणारा म्हणाला, कारकुनानें लिहितांना चूक केली असेल. बागाईतदारांनीं कार्यालयांत चलण्याचा आग्रह धरतांच त्यास एकाएकीं दुसरें काम आठवलें. इसाराचे वीस हजार परत आले नाहींत. आमचे मित्र म्हणतात कीं तें शिक्षण स्वस्तांत झालें. आम्हांस मात्र वाटतें कीं पेन्सिल इसाराच्या आधीं न्यावयास हवी होती.

चोरीची वस्तु चोरीची आहे असें समजण्यास कारण असून बाळगणें हा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाखालीं गुन्हा आहे. 'मला माहीत नव्हतें' हें उत्तर ज्यानें क्रमांक पाहिलाच नाहीं त्याच्या तोंडीं फार दुबळें ठरतें. राष्ट्रीय गुन्हे नोंद कार्यालयाच्या 'वाहन समन्वय' या व्यवस्थेंत चोरीस गेलेल्या व सांपडलेल्या वाहनांच्या नोंदी असतात. जुनें वाहन घेणारास तेथून खात्री करून घेतां येते.

५. बोजा

इतर हक्कांच्या रकान्यांत जसा बोजा, तसा आर. सी. वर बँकेचा किंवा फायनान्स कंपनीचा हक्क नोंदलेला असतो. हा हक्क असेतों धनकोच्या लेखी संमतीवांचून मालकी बदलाची नोंद होत नाहीं. 'हप्ते फिटले आहेत' असें सांगणें निराळें व बोजा उतरणें निराळें. कर्ज फिटल्यावर बँकेचा बेबाकीचा दाखला व तिच्या सहीचा नमुना ३५ कार्यालयांत देऊन नोंद कमी करून घ्यावी लागते. पुष्कळ शेतकरी शेवटचा हप्ता भरून घरीं येतात आणि नोंद तशीच राहते. दहा वर्षांनीं विकावयास काढल्यावर ती पुढें येते, आणि तोंवर ती शाखा दुसऱ्या बँकेंत विलीन झालेली असते. तेव्हां ज्यांचीं कर्जें फिटलीं आहेत त्यांनीं हा अंक खालीं ठेवण्यापूर्वीं आपापलें प्रमाणपत्र काढून पाहावें. विकत घेणारानें तर बोजा उतरल्यावांचून पूर्ण रक्कम देऊंच नये.

६. फेरफार

आतां आमचीच चूक सांगतों, कारण ती लपविली तर हा लेख लिहिण्याचा आम्हांस अधिकार उरत नाहीं. चाकरीभर आम्हीं लोकांस बजावीत आलों कीं खरेदीखत झालें म्हणजे काम संपलें असें समजूं नका, फेरफार मंजूर करून घ्या. आणि २०१२ सालीं आम्हीं आपली मोटारसायकल एका ओळखीच्या माणसास विकली, तेव्हां मुद्रांकाच्या कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या, कोऱ्या अर्जांवर सह्या करून दिल्या, आणि 'नांव चढवून घ्या' असें सांगून विसरलों. त्यानें नांव चढविलें नाहीं. वर्षानें तिसऱ्यास विकली. २०१६ सालीं त्या गाडीनें रस्त्याच्या कडेनें मेंढ्या घेऊन जाणाऱ्या एका वृद्ध धनगरास उडविलें व त्याचा पाय कायमचा गेला. विमा संपलेला होता. चालविणारा कफल्लक. अपघात न्यायाधिकरणाची नोटीस आमच्या नांवानें आली, कारण दप्तरांत मालक आम्ही होतों.

आम्हीं मुद्रांकाचा कागद दाखविला. तो उपयोगी पडला नाहीं. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंहि अशा एका प्रकरणांत ठरविलें कीं नोंदणीत ज्याचें नांव आहे तोच भरपाईच्या कामीं मालक धरावा. जखमी माणसास एकामागून एक विक्रीच्या सांखळीमागें धांवावयास लावूं नये. पुढच्या वर्षीं तडजोड होऊन आम्हांस आपल्या भविष्य निर्वाह निधींतून रक्कम काढून द्यावी लागली. आधीं आम्हांस हा अन्याय वाटला. परंतु त्या वृद्धास भेटून आल्यावर मत बदललें. त्यानें गाडी पाहिली नव्हती, चालविणाऱ्याचें तोंड पाहिलें नव्हतें. मागून येणाऱ्या एका मुलानें पाटीवरचा क्रमांक तेवढा पाहिला होता. त्या क्रमांकाच्या पलीकडे उत्तर देणारा कोणी तरी असलाच पाहिजे. तो दुसरा असता, जर आम्हीं एक दिवस कचेरींत घालविला असता.

म्हणून नियम पाठ करावा. राज्यांतल्या राज्यांत विक्री झाल्यास विकणारानें १४ दिवसांत नमुना २९ मध्यें कळवावें. घेणारानें ३० दिवसांत नमुना ३० चा अर्ज करावा. परराज्यांतील वाहन असेल तर नमुना २८ चें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें. मालक मयत झाल्यास वारसानें ३० दिवसांत कळवून तीन महिन्यांच्या आंत नमुना ३१ चा अर्ज करावा. वडिलांच्या नांवाचा ट्रॅक्टर वर्षानुवर्षें तसाच चालविणें हें वारसनोंद न केलेल्या जमिनीहून धोक्याचें आहे, कारण जमीन कोणास धडकत नाहीं. आणि कोऱ्या अर्जावर सही कधींहि देऊं नये. विकणारानें महिन्यानें पुन्हां तोच क्रमांक दप्तरांत टाकून नांव बदललें कीं नाहीं हें पाहावें.

७. अपघात झाल्यास

रस्त्यावर आपल्या बैलगाडीस, गुरांस किंवा माणसास परक्या गाडीनें धडक दिली, तर प्रथम जखमीकडे पाहावें व त्याच वेळीं कोणी तरी पाटीचा क्रमांक लिहून घ्यावा. तोंडपाठ करूं नये. गडबडींत अंक उलटे होतात. तळहातावर, मातींत, मिळेल तेथें लिहावा. कायद्याच्या १६० व्या कलमाप्रमाणें भरपाई मागणारानें मागणी करून फी भरली असतां, वाहनाचीं ओळखचिन्हें व इतर तपशील देणें हें नोंदणी कार्यालयाचें व पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचें कर्तव्य आहे. एरवीं जें नांव झांकलेलें असतें, तें अशा वेळीं हक्कानें मागतां येतें. क्रमांक मिळाला नाहीं, तर पळून गेलेल्या वाहनाच्या योजनेंतून ठराविक रक्कम मिळते. १ एप्रिल २०२२ पासून ती मृत्यु झाल्यास दोन लाख व गंभीर दुखापत झाल्यास पन्नास हजार आहे. मनुष्यहानीच्या मानानें ती किती तोकडी, हें सांगावयास नको.

सार

इसारापूर्वीं पाटीचा क्रमांक दप्तरांत टाकावा. मूळ प्रमाणपत्र हातीं घेऊन वर्ष, शक्ति, इंधन व बोजा वाचावा. चेसिस व इंजिन या दोहोंचा पेन्सिलीनें छाप घ्यावा व अक्षर अक्षर ताडावें. चोरीच्या नोंदी पाहाव्या. बोजा असल्यास आधीं उतरवावा. रक्कम शक्यतों बँकेमार्फत द्यावी. नमुने पूर्ण भरून, तारीख घालून सह्या कराव्या, आणि नांव चढल्याचें डोळ्यांनीं पाहावें. एवढ्यास फार तर दोन दिवस लागतात.

आमच्या शर्टाच्या खिशांत आतां एक घडी घातलेला पातळ कागद व पेन्सिलीचा तुकडा नेहमीं असतो. गांवांत कोणी जुनी गाडी पाहावयास निघाला कीं तो मागून नेतो. वाचकांनींहि आपल्या खिशांत तो ठेवावा, अशी आमची विनंति आहे.